दाराखालचा लिंबाचा वास

बार्शीला जगदीश कारखानीस नावाचा एक गृहस्थ राहत होता. माणूस कष्टाळू होता, घरच्यांवर त्याची मायाही होती. पण घरात काहीही मोडलं, सांडलं किंवा बंद पडलं, की त्याच्या तोंडून पहिला प्रश्न ठरलेला असे, "हे कोणी केलं?"

त्याची बायको सुनंदा हिची मनगटं दुखत, म्हणून त्यानं भांडी घासायचं मशीन घेतलं होतं. एका रविवारी सकाळी ते मशीन मध्येच थांबलं. टीं टीं वाजू लागलं. छोट्या पडद्यावर 'ई चार' अशी अक्षरं लुकलुकू लागली आणि आतून पाणी उपसल्यासारखी घरघर सुरू झाली, ती थांबेचना. जगदीशनं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. अक्षरं पुन्हा तीच.

"मशीनला कोणी हात लावला होता?" त्यानं विचारलं.

"मी रात्री भांडी लावली फक्त," सुनंदा म्हणाली.

"मी तर आत्ता उठलेय," मुलगी गार्गी म्हणाली.

जगदीशचे वडील, अण्णा, खिडकीशी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं.

"म्हणजे भुतानं केलं," जगदीश म्हणाला. सुनंदानं ओट्याशी उभं राहून सगळी भांडी हातानं घासली. दिवसभर घरात जो तो कामापुरतं बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी जगदीशनं सोलापूरच्या मेकॅनिकला, मुलाणींना फोन लावला. मुलाणी म्हणाले, "साहेब, ई चार म्हणजे मशीनच्या तळाशी एक ट्रे असतो, त्यात पाणी साचलंय. ते कुठून आलं ते बघायला पाहिजे. बंद पडायच्या आधी काय काय झालं होतं?"

"ते मला माहीत नाही. घरात कोणी काही सांगत नाही."

"घरातल्या माणसाला कोणी सांगत नाही, तर मी सोलापुरात बसून काय सांगू?" मुलाणी सहज बोलून गेले. "पुढच्या आठवड्यात येतो. तोवर प्लग काढून ठेवा आणि नळ बंद ठेवा."

जगदीशनं फोन ठेवला, पण ते वाक्य काही त्याच्या मनातून जाईना. पाणी तरी कुठून आलं असेल? त्यानं प्लग काढला, नळ बंद केला आणि मशीनसमोर बैठक मारली. इतके महिने हे यंत्र घरात होतं, पण त्याच्या पोटात काय आहे हे त्यानं कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

त्यानं तळाची जाळी फिरवून बाहेर काढली. जाळीत मोहरी, डाळिंबाचे दाणे आणि कढीपत्त्याचं एक पान होतं. पण जाळी तुंबलेली नव्हती. मग त्यानं मागच्या पाइपाला खालून वरपर्यंत कोरडा कागद लावून पाहिला. कागद कोरडाच राहिला. दाराच्या कडेचं रबर चाचपलं, तेही धड होतं. आता त्याला राग आठवेना, नुसतं कुतूहल वाटू लागलं. शेवटी तो फरशीवर आडवा झाला आणि दाराची खालची कड पाहू लागला. तिथं पांढुरका, वाळलेला ओघळ होता. त्यानं बोट लावून वास घेतला. वास लिंबाचा होता. मशीनच्या पावडरीला तर असा वास नव्हता. हा वास ओट्यावरच्या पातळ साबणाचा होता, हातानं भांडी घासायच्या.

बोट धुवायला तो मागच्या नळाकडे गेला. तिथं अण्णा वाकून आपला चहाचा कप धूत होते.

"अण्णा, कप इथं का धुताय?"

"आत कशाला उगाच," अण्णा घाईघाईनं कप विसळत म्हणाले. "आत गेलं की माझ्या हातून काहीतरी होतं."

जगदीशला एकदम सगळं उमगलं. नेहमीचा प्रश्न त्याच्या ओठांवर आला. पण अण्णा त्याच्याकडे बघत नव्हते. कप स्वच्छ झाला होता, तरी ते पुन्हा पुन्हा विसळत होते. लहानपणी आपल्या हातून काही फुटलं की आपणही असेच कुठंतरी नजर लपवत होतो, हे त्याला आठवलं. आता आपले वडील आपल्यालाच भितात, या विचारानं तो ओशाळला.

तो नळाशेजारच्या दगडावर बसला.

"अण्णा, एक कोडं सुटत नाहीये. मशीनच्या तळाशी पाणी साचलंय, पण पाइप कोरडा आहे. आणि दाराखाली लिंबाचा वास येतोय. काल सकाळी काय काय झालं, सांगता मला?"

अण्णांनी नळ बंद केला.

"पावडर संपली होती," ते म्हणाले. "रात्री पाहुणे उशिरा गेले, सुनंदा दमून झोपली होती. भांडी तशीच आत होती. म्हटलं, ती उठायच्या आत झालेली असू देत. ओट्यावरचा साबण घातला, चांगला दोन चमचे. मग दारातून फेसच फेस यायला लागला. मी माझ्या पंच्यानं पुसून घेतला."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस त्या आवाजाला उत्तर देता आलं नाही, जगदीश."

जगदीशनं मान खाली घातली. मग उठून त्यानं अण्णांच्या हातातला कप घेतला आणि म्हणाला, "चला, आत या. मला मदत लागणार आहे."

जगदीश आणि गार्गीनं मशीन बाहेर ओढून जपून मागं कलतं केलं. तळातून साचलेलं पाणी भळभळ बाहेर आलं. सुनंदानं जुनी चादर अंथरून ते टिपलं. तळ वाळू दिला. मग साबण न घालता, भांडी न लावता, नुसत्या पाण्यावर मशीन चालवून आतला फेस काढून टाकला. 'ई चार' पुन्हा उमटलं नाही.

"पण साध्या साबणानं बिघडतं कसं?" अण्णा आता पाट घेऊन मशीनसमोरच बसले होते.

"आत पाण्याच्या धारा जोरात फिरतात. त्यानं साबणाचा फेस फुगतो, बाहेर पडतो आणि ट्रेमध्ये उतरतो. मशीनच्या पावडरीला फेस येत नाही."

"फेस नाही, आणि तरी भांडं स्वच्छ होतं?" अण्णांना नवल वाटलं. ते बराच वेळ आतला आवाज ऐकत राहिले.

जगदीशनं मुलाणींना फोन करून यायची गरज नाही म्हणून कळवलं.

काही दिवसांनी गार्गी संध्याकाळी घरी आली ती थेट जगदीशसमोर येऊन उभी राहिली. "बाबा, स्कूटीचा दिवा फुटला. माझ्याच हातून."

जगदीशनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "तुला लागलं नाही ना? बस. कसं झालं ते सांग."

ती बसली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.

तात्पर्य: काही बिघडलं की 'कोणी केलं?' याआधी 'काय झालं?' हे विचारावं. दोषी शोधणाऱ्यापासून घरचेही खरं लपवतात, आणि खरं कळल्याशिवाय कोणताच बिघाड दुरुस्त होत नाही.