ओलं गोणपाट

"पण बाबा, बाहेर ऊन आग ओकतंय. अशात दार उघडायचं?"

ब्रदर इनास बिअरच्या खोलीत, बंद दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा होता. समोर लाजरसबाबा. वय झालेलं, गुडघे गेलेले. एवढा बंदोबस्त कुणासाठी, ते इनासलाच ठाऊक.

सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत, हा ख्रिस्ती साधूंचा मठ. मठाच्या सणाला वर्षातून एकदा घरची बिअर व्हायची. ती आजवर बाबा करत. यंदा इनासने ते काम स्वतःहून मागून घेतलं होतं. मागताना म्हणाला होता, "तुम्ही आता आराम करा बाबा. मी सांभाळतो."

सांभाळलं ते असं, की दोन पिंपं वाया.

आंबताना खमीर तापलं, की बिअरला अतिपिकल्या केळ्यांचा वास मारतो. आजूबाजूला सगळी केळीच, त्यामुळे पहिल्या पिंपाच्या वेळी कुणाला शंकाही आली नाही. दुसऱ्या वेळी मठप्रमुख फादर क्लेमेंट यांनी एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर थुंकला.

"आता शेवटचे जव उरलेत," ते म्हणाले. "हेही नासलं, तर पिंप स्वयंपाकघरात जाईल. पाणी भरायला."

बाबांची हयात त्या पिंपापाशी गेली होती. इनासची झोप उडाली.

मग त्याने कंबर कसली. दार-खिडक्यांच्या फटींत चिंध्यांचे बोळे कोंबले. पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळलं. पिंपातल्या थर्मामीटरवर लाल रेघ मारली, पारा हिच्यावर जाऊ द्यायचा नाही म्हणून. उन्हाला मज्जाव. फादर क्लेमेंट रोज दुपारी येऊन चार शब्द सुनावून जात, म्हणून त्यांनाही मज्जाव.

आणि आज पारा रेघेच्या वर होता.

"ऊन आत येत नाही, वारा येत नाही," इनास रडकुंडीला आला होता. "मग हे तापवतंय कोण?"

बाबांनी पिंपाला कान लावला. आत बुडबुड चालली होती.

"खमीर काम करतंय," ते म्हणाले. "काम करणारा तापतोच."

"म्हणून तर गोणपाट ओलं केलंय. सकाळी भिजवलेलं, अजून टपकतंय बघा."

"तेच बघतोय..."

यात चुकलं काय, ते इनासला कळेना.

"तुमच्या वसईला पावसाळ्यात धुतलेला टॉवेल कधी वाळतो रे?"

"वाळतो कुठे? हवाच ओली. दुसऱ्या दिवशीही दमटच."

बाबांनी लोटा उचलला. इनासची बाही वर सारली आणि हातावर कोपरापर्यंत पाणी ओतलं. मग खिडकीचा बोळा उपसून एक झडप ढकलली आणि तो ओला हात धरून सरळ बाहेर काढला.

झळ आली. आता भाजणार, म्हणून इनासने डोळे मिटून घेतले.

...

"काय वाटतंय?"

"गार," इनास म्हणाला. त्याचा स्वतःच्याच हातावर विश्वास बसेना. "गार वाटतंय, बाबा."

"कुणी केलं गार?"

हात वाळला तसा चटका बसू लागला. इनासने आपणहून लोटा घेतला, हात पुन्हा भिजवला, पुन्हा झळेत धरला. आणि एकटाच हसत सुटला.

मग त्याने सगळे बोळे उपसून फेकले. दार सताड उघडलं, खिडक्या उघडल्या. खानदेशातली ती कोरडी, तापलेली झळ खोलीतून आरपार वाहू लागली. गोणपाट वाळायला आलं की इनास लोटा घेऊन हजर. संध्याकाळच्या आत पारा रेघेखाली उतरला, तेव्हा तो असा ओरडला, की स्वयंपाकघरातले ब्रदर काय झालं म्हणून धावत आले.

पुढे खमीर निवेपर्यंत त्याने पिंप सोडलं नाही. दुपार जितकी कडक, तितका तो खूश.

सणाच्या जेवणाला फादर क्लेमेंटनी पेला नाकाशी नेला. सगळ्यांचे घास हातातच राहिले. त्यांनी एक घोट घेतला... खिडकीकडे पाहिलं... आणि गिळला. मग उरलेला पेला एका दमात संपवून पुन्हा पुढे केला.

जेवणघर टाळ्यांनी दणाणलं. बाबांनी आपलं लाकडी ढवळणं सगळ्यांसमोर इनासच्या हातात दिलं. इनासला आभाळ ठेंगणं झालं.

जेवणं उरकल्यावर तो पिंप घासायला बसला. घामाने निथळत होता, पण गाणं गुणगुणत होता. बाबा शेजारी स्टुलावर बसले होते. इतक्यात व्हरांड्यातून फादर क्लेमेंटचा आवाज जवळ येऊ लागला.

"इनास, फेस जरा जास्तच होता हं. आणि त्या आधीच्या दोन पिंपांचं काय, ते अजून बोलायचंय आपल्याला."

गाणं थांबलं. इनास उठला आणि त्याचा हात सवयीने दाराच्या कडीकडे गेला.

"घाम आलाय ना तुला?" लाजरसबाबा म्हणाले. "मग राहू दे दार उघडं."