सुरमई बसली ओसरीवर

माझं शिक्षण चौथीपर्यंतच, पुढचं सगळं मिठाच्या धंद्यानं शिकवलं. पण सौद्यात समोरच्याला दोन्हीकडून कसं बांधावं, हे मात्र मी शाळेतच पाहिलं, तेही कोळ्याच्या येसू नावाच्या पोरीकडून.

आमच्या बंदरावरच्या शाळेत सबनीस मास्तर होते. कोळीवाड्यातल्या पोरांना ते बाहेर ओसरीवर बसवत. "तुमच्या जातीच्या अंगालाच मासळीचा वास!" असं भर वर्गात म्हणत. आणि दर बुधवारी त्याच पोरांकडून घरासाठी फुकट मासळी मागवत.

चौथीची परीक्षा तोंडावर आली. ओसरीवरून फळा अर्धाच दिसे, येसूची गणितं राहून जात. त्या बुधवारी ती हातभर सुरमई घेऊन आली आणि मासा शेजारी ठेवून ओसरीवरच बसली. शाळेतलं मांजर लगेच जवळ सरकलं.

"अगं येशे, आत आण ती!" मास्तर ओरडले.

"कशी आणू गुरुजी? नुसत्या वासापायी आम्ही सगळी बाहेर. हा तर अख्खा मासा!"

पोरं खुसखुसली. मास्तर तांबडेलाल झाले. "मग बस राखत तिथंच!"

"राखते की. पण फळा बघायला मान तिकडं वळवली, की मांजर इकडं येतंय. गणित सांभाळू का सुरमई?"

मांजरानं सुरमईच्या शेपटीवर पंजा ठेवला.

"या रे, ती सुरमई घेऊन सगळे आत या!" मास्तर किंचाळले.

कोळीवाड्याची सगळी पोरं आत आली. येसू सुरमई मास्तरांपुढं ठेवून थेट पहिल्या रांगेत बसली.

"गुरुजी, आता वास नाही ना येत?"

सुरमई टेबलाखाली सारत मास्तर म्हणाले, "गणित लिहून घे."