दवातली राख

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा जनावरं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायचीसुद्धा! त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला ठकू नावाची म्हातारी राहायची.

तिच्या घरात माणूस असं दुसरं कोणी नव्हतं. होती ती कबरी नावाची शेळी, कबरीचं व्रात्य करडू आणि चार कोंबड्या. रोज सकाळी म्हातारी तळहातावर मीठ घ्यायची आणि करडू ते चाटूनपुसून खायचं, मगच उंडारायला जायचं. झोपडीच्या छपरावर लाल भोपळ्याचा वेल चढवलेला होता. भोपळे देऊन म्हातारी वर्षाची ज्वारी घ्यायची. वेल धरला तर चूल पेटणार, नाहीतर पोटाला चिमटा.

एका वर्षी वेलावर तांबडे भुंगेरे पडले. पानांची पार चाळण केली मेल्यांनी!

शेजारच्या सावळाच्या वेलाचीही तीच गत झाली. त्याने परगावच्या फेरीवाल्याकडून पांढरी विषारी भुकटी घेतली आणि वेलावर शिंपडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात भुंगेऱ्यांचा सडा पडला होता.

"बघितलंस का ठकूमावशी?" सावळा मिशीला पीळ देत म्हणाला. "सगळे साफ! तुलाही देऊ का चिमूटभर?"

"नको रे बाबा. माझ्या कोंबड्या वेलाखालीच टिपतात, कबरी तिथंच बसते. माझी आई वेलावर चुलीची राख टाकायची. मीही तेच करीन."

"राख? अगं, राखेनं भांडी घासतात!"

म्हातारीने ऐकलं नाही. दुपारी कामं उरकली, टोपलीभर राख घेतली आणि भर उन्हात वेलावर उधळली. आला वारा आणि गेली राख! पानावर कणभर राहिली नाही, म्हातारीच्या डोळ्यांत मात्र मूठभर गेली. सावळा कुंपणापलीकडून पोट धरून हसला. पुढचे काही दिवस तिने पुन्हा पुन्हा राख टाकली आणि ती पुन्हा पुन्हा उडाली. वेल मान टाकायला लागला.

शेवटी म्हातारीचा धीर सुटला. ती सावळाकडे गेली आणि म्हणाली, "दे बाबा तुझी ती पुडी."

वेलापाशी येऊन तिने तळहातावर पुडी उघडली. करडाने लांबून पाहिलं. म्हातारीच्या हातावर पांढरं काहीतरी आहे म्हणजे मीठच की! ते टुणटुण उड्या मारत आलं आणि त्याने जीभ बाहेर काढली.

"अगं बाई!" म्हातारी किंचाळली आणि तिने हात मागे ओढला. करडाची जीभ हवेतच राहिली.

तिने पुडी घट्ट मिटली, सावळाला परत देऊन आली, हात घसाघसा धुतले आणि करडाला कुशीत घेऊन रडायला लागली. "सोन्या, आज माझ्याच हातून गेला असतास रे! नको मला भोपळे. उपाशी राहीन मी."

तेव्हा कबरी पुढे आली.

"आजी, रागावणार नसलीस तर एक सांगू? मी रोज पहाटे तुझा वेल खाते."

"काय? तूसुद्धा?"

"थोडासाच गं! पण तेव्हा पानं दवाने इतकी भिजलेली असतात, की माझी दाढी चिंब होते. तू राख टाकतेस दुपारी, कोरड्या पानावर. ती बसणार कशी? आणि पहाटे ते भुंगेरेही गारठलेले असतात. माझं शिंग लागलं तरी पटापट खाली पडतात."

म्हातारीने कपाळावर हात मारला. आई पहाटे उठून राख टाकायची, हे ती साफ विसरली होती!

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने वेल गदागदा हलवला. भुंगेरे खाली पडले आणि कोंबड्यांची दिवाळी झाली. मग तिने राख चाळून ओल्या पानांवर भुरभुरली. ती छान चिकटून बसली. असं ती रोज सकाळी करत राहिली. सगळे भुंगेरे काही मेले नाहीत, पण राखेचं पान त्यांना गोड लागेना. ते आपले निघून गेले.

"शी!" कबरी तोंड वाकडं करून म्हणाली. "आता मलाही हा पाला खाववत नाही."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली आणि खूप दिवसांनी खळखळून हसली.

वेल फुलला. मधमाश्या आल्या आणि छपरावर भोपळेच भोपळे धरले.

सावळाचा वेलही फुलला होता, पण त्याच्या अंगणात सगळं चिडीचूप होतं. भुकटीने मेलेले भुंगेरे टिपून त्याच्या कोंबड्या गेल्या होत्या. एक दिवस तो म्हातारीच्या दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, फुलं येतात आणि गळून पडतात. एक भोपळा धरत नाही. काय चुकलं गं माझं?"

"तुझ्या फुलांवर मधमाशी बसते का रे?"

सावळाने आठवून पाहिलं. भुकटी शिंपडल्यापासून एकही दिसली नव्हती. त्याने मान खाली घातली. म्हातारी त्याला हसली नाही. तिने आपला एक भोपळा उचलून त्याच्या हातात दिला. त्या वर्षी सावळाच्या घरात तेवढाच एक भोपळा शिजला.

म्हणून सांगतो लहानथोरांनो, कीड घालवायचं औषध असं असावं, की घरातल्या मुक्या लेकराने चुकून चाटलं तरी आपल्या काळजात धस्स होऊ नये.