केरबाची बदली

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गृहस्थ होता. भोळा म्हणजे किती, तर सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तस्संच करायचा. वय अठ्ठावन्न. रोज गावच्या टाकीवर चढून पाणी भरलंय का बघायचं आणि खाली येऊन गावाला सोडायचं, ही त्याची नोकरी.

दिवाळीत त्याला हार्ट अटॅक आला. वाचला बिचारा, पण त्याची बायको सगुणा घाबरली. तिनं त्याचं अंथरूण ओट्यावर टाकलं आणि आपण आत झोपायला लागली. पाच महिने झाले. या वयात कसली आलीय हौस, असं गाव म्हणतं. गावाला काय कळतंय डोंबल! केरबाला सगुणेवाचून करमेना, आणि खरं सांगायचं तर तिलाही करमत नव्हतं.

शेवटी तो लाजत लाजत डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, यात लाजायचं काय? गोळ्या चालू ठेवा. दोन जिने चढून दम लागला नाही, तर खुशाल बायकोजवळ जा.

केरबाच्या घराला जिना नव्हता. तो टाकीवर चढला. दम लागला नाही. उतरला तो तडक बायकोजवळ गेला. सगुणा आळीतल्या बायकांबरोबर पापड लाटत होती. हा त्या घोळक्यात घुसून तिला चिकटून बसला आणि म्हणाला, "दम लागला नाही. बाईंनी परवानगी दिलीय."

बायकांनी तोंडाला पदर लावले. सगुणेनं त्याला परसात नेऊन झापलं, की दम लागला, नाही लागला, हे लोकांत बोलायचं नसतं. मुकाट घरी येऊन पडायचं.

बरं, म्हणाला केरबा.

दोन दिवसांनी त्याला सर्दी झाली. टाकीच्या निम्म्यावरच दम लागला. तो कुणाला काही न बोलता घरी येऊन पडला. गावात पाण्याचा थेंब नाही. बायका हंडे घेऊन सरपंचाच्या दारात. सरपंचानं त्याला बोलावून सुनावलं, "केरबा, दम लागला तर पडून राहायचं नाही. बदली माणूस पाठवायचा. आपल्यापायी कुणाचा खोळंबा होता कामा नये."

बरं, म्हणाला केरबा. हे त्याला फारच पटलं.

शुक्रवारी मुलगा आणि सून लग्नाला गेले. सगुणेनं ओट्यावरचं अंथरूण उचलून आत आणलं, धुतलेली चादर घातली, केसांत अबोली माळली. नवऱ्याला हळूच म्हणाली, "दिवेलागणीला या. वाट बघते."

केरबा हरखला. पण आधी टाकी. चढायला लागला आणि सर्दीनं पुन्हा घात केला. मधल्या पायरीवर धापा टाकत बसला. त्याला रडूच आलं. सगुणा बिचारी वाट बघत असेल, तिचा खोळंबा होईल, या विचारानं त्याचा जीव कासावीस झाला. मग त्याला एकदम सुचलं आणि तो उठला.

दिवेलागणीला कडी वाजली. सगुणेनं हसत दार उघडलं. दारात पोस्टातून रिटायर झालेले दगडूतात्या उभे होते. काखेत घोंगडी, हातात जेवणाचा डबा.

"केरबाला दम लागलाय, म्हणून बदलीवर मी आलोय, वहिनी," तात्या म्हणाले. "काम काय ते त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, सगुणा दाखवेल."