ओल्या मातीचा कायदा

सोनवडीच्या दरबाराने धोंडबा कुंभाराचं चाक जप्त केलं. का, तर म्हणे माती चोरली! सरकारी तळ्यातली वीस मण ओली माती त्याला मोजून दिली होती, आणि भाजून आणलेले रांजण भरले जेमतेम चौदा मण. मग सहा मण गेली कुठे?

राजा धैर्यसिंह हट्टी, आणि त्याचे पाच मंत्री त्याच्याहून वरचढ. त्या पाचांत एकाचाही हात उभ्या जन्मात चिखलाला लागलेला नव्हता. पण मातीचा कायदा त्यांनी विडा चघळता चघळता एका बैठकीत करून टाकला: जेवढ्या वजनाची माती न्याल, तेवढ्याच वजनाची भांडी आणा. धोंडबाला एका दिवसाची मुदत मिळाली. उरलेली सहा मण माती आणून दे, नाहीतर चाक कायमचं सरकारजमा. आजोबापणजोबांचं चाक गेलं तर खायचं काय, म्हणून म्हातारा कपाळाला हात लावून बसला.

त्याची लेक साळू त्याच आठवड्यात राणीसाहेबांच्या कुरडया घालायला वाड्यावर जाऊन आली होती. बापाचं सगळं ऐकून घेतलं आणि ती चक्क हसली. उद्या मी येते दरबारात, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने हात जोडले आणि सांगितलं, की महाराज, तुमच्या वाड्यातही एक चोरी झाली आहे. राजा सावरून बसला.

"राणीसाहेबांनी दहा शेर चीक मोजून दिला," साळू म्हणाली. "आम्ही दोघींनी गच्चीवर कुरडया घातल्या. काल डब्यात भरल्या तर तीनच शेर. सात शेर गेला. आता गच्चीवर माझ्याखेरीज होत्या त्या फक्त राणीसाहेब."

पडद्याआड राणीसाहेबांच्या बांगड्या वाजल्या. राजाला घाम फुटला, कारण कायदा म्हणजे कायदा. त्याने प्रधान गुंडोपंतांकडे पाहिलं. कायदा लिहिणारे तेच.

गुंडोपंत ताडकन उठले. "अगं पोरी, चोरी कसली? पाणी होतं, उन्हाने उडून गेलं. एवढंही कळत नाही तुला?"

"कळतं की, प्रधानजी. मग आमच्या रांजणांवर काय चांदणं पडत होतं?"

पडद्याआडून आधी राणी हसली, मग राजा, आणि मग नाइलाजाने चार मंत्री. गुंडोपंत मात्र कागद छातीशी धरून उभेच. एवढ्या मेहनतीने केलेल्या कायद्याचं आता करायचं काय, असं त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"गच्चीवर ठेवा आठ दिवस," साळू म्हणाली. "पाणी असेल तेवढं उडून जाईल. उरेल तेवढा आम्ही पाळू."

यावर गुंडोपंतांनाही हसू आवरेना. राजा तर पोट धरून हसला. धोंडबाचं चाक त्याच दिवशी बैलगाडीतून वाजतगाजत घरी गेलं, साळूला राणीसाहेबांनी पैठणी नेसवली, आणि सोनवडीत हुकूम सुटला, की यापुढे मातीचा कुठलाही कायदा आधी साळूच्या अंगणात वाळत घालायचा.