मागच्या दारची बैठक

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शब्दही रोजचेच आहेत, भारी नाहीत.

एका राज्यात प्रत्येक वस्तू दरबाराच्या पुढच्या दाराने वाजतगाजत आत यायची आणि मागच्या दाराने गुपचूप बाहेर जायची. पुढच्या दारावर दोन पहारेकरी होते. मागच्या दाराला साधी कडीसुद्धा नव्हती.

राजा गवा होता. मनाने चांगला, पण आपल्या शिंगांपलीकडे फारसं न पाहणारा. कारभार साळिंदराकडे होता आणि खरेदीचा एकच नियम त्याला तोंडपाठ होता: ज्याचा भाव कमी, त्याचा माल घ्यायचा. कोठाराचं काम एक खेकडा पाहायचा. कामाला चोख, बोलायला भित्रा. कुणी मोठ्याने हाक मारली तरी दोन पावलं बाजूला सरकायचा.

दरबाराला दरवर्षी नवी आसनं लागत. ती मुंगूस पुरवायचा. पानं एकावर एक चिकटवून वरून रंग दिलेली, दिसायला मोठी सुबक. वर्ष सरेपर्यंत पानांचा भुगा व्हायचा आणि मागे उरायचा तो डिंक. हा डिंक मुंगसाने कुठून शोधला होता कोण जाणे; तो कुजत नव्हता, विरघळत नव्हता, वाळवीसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती. खेकडा ती जुनी आसनं मोजायचा आणि नेमाने मागच्या ओढ्यात टाकायचा. त्याच्या आधीच्या सगळ्या कोठीवाल्यांनी तसंच केलं होतं. आणि त्याच ओढ्यात त्याचं घर होतं.

"अहो, आज पाणी माझ्या पाठीवरूनही जात नाही," त्याची बायको म्हणाली. तिच्या पोटाखाली शे-दीडशे पिल्लं बिलगून बसली होती. आठवड्याभरात ती पाण्यात उतरायची होती, आणि उतरायला पाणीच राहिलं नव्हतं.

"वरच्या डोहात जाऊ या का?"

"तिथवर चढेपर्यंत ही सगळी वाटेत सांडतील. एवढंच करा, यंदाची आसनं इथे टाकू नका."

"मग कुठे टाकू?"

"मला काय विचारता? कोठार तुमच्याकडे आहे."

खेकडा धीर करून साळिंदराकडे गेला. "साहेब, सुगरण लव्हाळ्याची आसनं विणते. पाच-सहा वर्षं टिकतात. नंतर त्यांची माती होते."

"भाव?"

"दीडपट."

"मग विषय संपला. अरे, तुला स्वतःला सरळ चालता येत नाही आणि मला राज्य चालवायला शिकवतोस?"

कारकून हसले. खेकडा बाजूला सरकला. पण सरकता सरकता त्याच्या मनात आलं की खरेदीच्या दिवशी बैठक मांडायचं काम आपलंच आहे. ती कुठे मांडायची हे मात्र आजवर कुणी सांगितलेलं नाही.

त्या राज्यात विकणारे पळसाच्या पानावर भाव लिहून पान बंद करून देत, आणि ती पानं राजासमोर उघडली जात. त्या दिवशी राजा पुढच्या दाराशी आला, तर तिथे काहीच नव्हतं.

"पुढे ऊन लागतं, महाराज," खेकडा पुटपुटला. "मागे सावली आहे."

हे काही खोटं नव्हतं. सगळे मागे ओढ्यावर गेले. राजा बसायला गेला आणि त्याचे खूर आत रुतले.

"हे चिकट काय आहे?"

"गेल्या वर्षीची आसनं, महाराज."

"आणि त्याखाली?"

"त्याच्या आदल्या वर्षीची."

"मग जमीन कुठे आहे?"

खेकड्याने आठवून पाहिलं. "आहे, महाराज. लहान असताना मी पाहिली होती."

साळिंदराने घाईघाईने पानं उघडली. मुंगसाचा भाव सर्वांत कमी निघाला. तो खूण करणार तोच खेकड्याने, या वेळी बाजूला न सरकता, विचारलं, "शेठ, या भावात परत नेणं धरलंय का?"

"काय परत नेणं?"

"हे. तुमचंच आहे."

मुंगूस मनापासून हसला. "अहो कोठीवाले, पंगतीत वाढलेलं कुणी परत नेतं का?"

"मग हे कोण नेतं?" राजाने विचारलं. त्याला पाय सुटत नव्हता.

तेवढ्यात ढिगाखालून आवाज आला, "कुणीच नाही, महाराज. आम्ही राहतो यात."

खेकड्याची बायको पिल्लांसकट वर आली होती. राजा तिला पाहायला खाली वाकला, आणि त्याने जोर करून पाय ओढला. पायाबरोबर डिंकाचा बैलाएवढा गोळा उपटून आला आणि त्या भोकातून तुंबलेलं पाणी खळखळत खाली धावलं.

"साळिंदर," गोळा पायाला तसाच चिकटलेला असताना राजा म्हणाला, "भाव पुन्हा लिहून घ्या. नेण्यासकट."

मुंगसाने पानावर काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. त्याची शेपटी फुलत गेली. शेवटी त्याने ते पान तोंडात घातलं आणि चावून टाकलं. सुगरणीने आपल्या पानाला हातही लावला नाही; तिच्या मालात परत नेण्यासारखं काही उरतच नव्हतं. "उसवलं तर निरोप द्या," ती म्हणाली, "येऊन विणून देईन." साळिंदराने खूण केली. नियम मोडला नव्हता, म्हणून तोही सुखावला होता.

त्या संध्याकाळी पिल्लं पाण्यात उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेकड्याने मागच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. दिवे विकायला आलेल्या बेडकाला पहारेकऱ्यांनी मागे पाठवलं, तो पुढून वळसा घालून तिथे पोचला. त्याने तोरण पाहिलं, पलीकडचा ढीग पाहिला, आणि डोक्यावरची टोपली खाली ठेवून तो त्यातले डिंकाने चिकटवलेले निम्मे दिवे वेगळे काढू लागला.