देवाचा नारळ आणि साहेबाचा कागद

कागदाचा रुपया होतो कसा? मॉरिशसमधल्या मोरेल साहेबाला ते जमलं होतं. आपल्या उसाच्या मळ्यावर तो स्वतःच्या सहीचे कागद छापायचा आणि पगार म्हणून तेच वाटायचा. ते चालायचे फक्त त्याच्याच दुकानात. बोटवाला काही ते घेत नसे, त्यामुळे करार संपला तरी रत्नागिरीच्या माणसांना गावी परतता येईना.

शिमग्याला मजुरांच्या देवळात देवाच्या नारळाचा लिलाव होता. साहेब नव्या मॅजिस्ट्रेटला घेऊन मिरवायला आला. त्याने ऐटीत वीस रुपयांची बोली लावली आणि ताटात आपलेच कागद टाकले.

देवळाचं बघणाऱ्या भागी गुरवणीने नारळ हातातच धरून ठेवला. "साहेब, हे चालतात का हो?"

"म्हणजे काय? माझा कागद म्हणजे रोकडा रुपया!" साहेब मॅजिस्ट्रेटकडे बघत गरजला.

"मग देवाला रोकडच द्या. देव काय तुमच्या दुकानात तांदूळ आणायला जाणार आहे?"

मॅजिस्ट्रेटला हसू फुटलं. नाही म्हणावं तर चारचौघांत कागद खोटा ठरणार! साहेबाने कागद उचलून ताटात चांदीचे रुपये ठेवले.

भागीने नारळ दिला आणि कनवटीचे स्वतःचे कागद काढून पुढे केले. तिच्यामागे सगळा मळा आपापले कागद घेऊन उभा राहिला.

"हे काय?" साहेब ओरडला.

"देवळात देवाला एक भाव नि भक्ताला दुसरा, असं नसतं साहेब."

मॅजिस्ट्रेट खुर्ची ओढून निवांत बसला.

त्यानंतरच्या बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती.